कामाची भूक

कुत्र्यांना शिकवण्याचं काम मी पुण्यात अनेक वर्षं करते आहे. घरोघरी जाते, कुत्र्याला शिकवते आणि त्याहून जास्त वेळ घरच्यांना शिकवते. या कामात एक गोष्ट मला फार लवकर कळली आणि आजही तिचा प्रत्यय येतो: सर्वांत गंभीर तक्रारी सर्वांत हुशार जातींच्याच असतात. ‘चपला चावतो’, ‘अंगावर उड्या मारतो’ असे फोन कुठल्याही घरून येतात. पण ‘आता सांभाळणं शक्य नाही, कुणाला तरी देऊन टाकायचा विचार चाललाय’ असा रडवेला फोन येतो तो बहुतेक वेळा बॉर्डर कोली, जर्मन शेफर्ड किंवा बेल्जियन मॅलिनॉयच्या घरून. कुत्रा मंद निघाला म्हणून कुणी तो सोडून दिल्याचं मला आठवत नाही.

फोन करणारी ही माणसं निष्काळजी नसतात. कुत्रा आणण्याआधी त्यांनी पुष्कळ वाचलेलं असतं, पैसे साठवलेले असतात, मुलांना वचन दिलेलं असतं. हुशार कुत्रा लवकर शिकेल आणि लवकर शिकला की आपला त्रास कमी होईल, असा त्यांचा हिशेब असतो. ऐकायला तो चोख वाटतो. माझ्या कामाचा मोठा भाग हा हिशेब पुन्हा मांडण्यात जातो.

जातींच्या हुशारीचा जो क्रम लोक तोंडपाठ सांगतात, त्याचं मूळ एका पुस्तकात आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांचं कुत्र्यांच्या बुद्धीवरचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. त्यासाठी त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या आज्ञापालन स्पर्धांच्या सुमारे दोनशे परीक्षकांकडून जातींबद्दलची मतं मागवली होती. बॉर्डर कोली पहिला, पूडल दुसरा, जर्मन शेफर्ड तिसरा, मग गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन, शेटलंड शीपडॉग आणि सातवा लॅब्राडोर. वरच्या गटातले कुत्रे नवी आज्ञा पाचाहून कमी वेळा करून घेतली तरी शिकतात आणि शंभरातल्या किमान पंच्याण्णव वेळा पहिल्याच हाकेला ऐकतात, असं त्यात म्हटलं आहे.

कोरेन यांनी त्याच पुस्तकात बुद्धीचे तीन प्रकार सांगितले होते. एक, ज्या कामासाठी ती जात घडवली गेली त्याची उपजत समज. दुसरा, नव्या अडचणीतून स्वतः वाट काढण्याची क्षमता. आणि तिसरा, माणसाने सांगितलेलं शिकून तसं वागणं. क्रम लावला गेला तो या तिसऱ्या प्रकाराचा. त्या यादीत बीगल पार तळाच्या गटात आहे. पण अमेरिकेतल्या विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस हुडकून काढण्याचं काम बीगलच करतात. म्हणजे त्या यादीवरून एवढंच कळतं की हा कुत्रा माणसाचं म्हणणं किती वेगाने टिपतो. टिपलेलं पुढे कुठे वापरायचं, हे त्या कुत्र्याच्या घरावर अवलंबून राहतं.

आणि इथेच खरी गोम आहे. जो कुत्रा पाच खेपांत ‘बस’ शिकतो, तो पाच खेपांत नको असलेली गोष्टही शिकतो. कोथरूडमधल्या एका घरात कोको नावाची छोटी पूडल होती. ताई घरूनच काम करायच्या. मीटिंग चालू असताना कोको भुंकली की ती गप्प राहावी म्हणून त्या टेबलाखालून बिस्किट द्यायच्या. आठवड्याभरात कोकोला मीटिंगची चाहूल आधीच लागू लागली. हेडफोन कानाला लागला रे लागला की ती समोर येऊन बसायची, थोडी वाट पाहायची आणि मग भुंकायची. ताईंना वाटत होतं की ही हट्टी आहे. माझ्या दृष्टीने कोको अतिशय आज्ञाधारक होती. तिला जे शिकवलं गेलं ते ती न चुकता करत होती. हेडफोन दिसला की कोपऱ्यातल्या चटईवर जायचं आणि बिस्किट तिथेच मिळेल, एवढाच बदल आम्ही केला. तोही ती तितक्याच वेगाने शिकली. सावकाश शिकणाऱ्या कुत्र्याबरोबर राहणाऱ्याला चार चुका पोटात घालायची सवलत असते. पूडलच्या मालकाला ती नसते.

बॉर्डर कोलीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखात मेंढ्या राखण्यासाठी ही जात घडली. आजच्या बॉर्डर कोलींची वंशावळ मागे नेली तर ती १८९३ मध्ये नॉर्थम्बरलँडमध्ये जन्मलेल्या हेम्प नावाच्या कुत्र्याशी जाऊन मिळते. ॲडम टेल्फर यांचा हा कुत्रा गडबड न करता, नुसत्या रोखलेल्या नजरेने मेंढ्या हलवण्यासाठी नावाजला गेला. पुढच्या पिढ्यांमध्ये हीच नजर जपली गेली. अंग जमिनीलगत नेऊन, डोळे न हलवता मेंढीकडे पाहत राहायचं आणि ती वळण्याआधीच तिची दिशा ओळखायची. मेंढपाळ दूर उभा राहून शिटी वाजवतो. डावीकडून वळसा घ्यायची शिटी वेगळी, उजवीकडून घ्यायची वेगळी. पण उतारापलीकडे कळपाचं नेमकं काय चाललंय ते मेंढपाळाला दिसत नाही, तेव्हा निर्णय कुत्र्याने घ्यायचा असतो. दिवसभर हलत्या गोष्टींवर नजर ठेवणं, क्षणाक्षणाला ठरवणं आणि त्याच वेळी माणसाकडे कान लावून असणं, अशी ही नोकरी आहे.

आता हीच नजर बाणेरमधल्या एका उंच इमारतीत आणून ठेवा. झोई जेमतेम वर्षाची होती. मी घरात शिरले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी आल्याचं तिला कळलं होतं, कान हलले, पण मान वळली नाही. ती सावलीची वाट पाहत होती. कुणाच्या घड्याळाची काच चमकली की ती भिंतीवर झेप घ्यायची. पुढच्या पायांच्या नख्या झिजल्या होत्या आणि जेवणाचं भांडं समोर असतानाही तिची नजर भिंतीवरच होती. सुरुवात लेझरच्या छोट्या टॉर्चने झाली होती. संध्याकाळी सगळे दमून येत, मुलगा सोफ्यावर बसून तो लाल ठिपका फिरवायचा आणि झोई धावून धावून थकायची. सोय झाली, असं घरच्यांना वाटलं.

लेझरचा ठिपका कधीच हाती लागत नाही. पाहणं, दबा धरणं, पाठलाग करणं एवढं सगळं होतं आणि शेवट होत नाही. ज्या जातीच्या रक्तातच हलत्या गोष्टीवर नजर ठेवणं आहे, तिला अशा अपुऱ्या पाठलागाचं वेड लागू शकतं. टॉर्च बंद केल्यावरही झोई सावल्यांमध्ये तो ठिपका शोधत राहिली. आम्ही आधी पशुवैद्यांना दाखवलं, डोळ्यांचा किंवा मेंदूचा आजार नाही ना ते पाहून घेतलं. मग पडदे बदलले, टॉर्च घराबाहेर गेला. पहाटे तिला लांब दोरीवर टेकडीवर न्यायचं, चालता चालता थांबायला, वळायला, मागे यायला शिकवायचं, असा नेम बाबांनी धरला. मुलाने व्यायामाचा मोठा रबरी चेंडू नाकाने ढकलून ठरलेल्या कोपऱ्यात न्यायचा खेळ तिला शिकवला. कोपऱ्यात चेंडू पोहोचला की काम संपलं, हे झोईला कळू लागलं तो दिवस त्या घरासाठी सणाचा होता. आजही दिवाळीत आकाशकंदील वाऱ्याने हलला आणि भिंतीवर प्रकाश सरकला की तिची मान तिकडे वळते. पण हाक मारली की ती येते.

बॉर्डर कोलीच्या बुद्धीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनातली चेसर. तिला १,०२२ खेळण्यांची वेगवेगळी नावं येत होती. २०११ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात त्याबद्दलचा लेख प्रसिद्ध झाला. बॉर्डर कोली हवाच म्हणणारे अनेक जण मला चेसरचं नाव ऐकवतात. मी त्यांना जॉन पिली यांच्याबद्दल सांगते. पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. चेसर त्यांच्या घरी आली तेव्हा सत्तरीत होते. तीन वर्षं, रोज चार-चार, पाच-पाच तास ते तिला शिकवत होते. एकेक नाव पुनःपुन्हा उच्चारून, खेळातून, न कंटाळता. त्या १,०२२ शब्दांमागे एका माणसाचे हजारो तास आहेत. चेसरची बुद्धी विलक्षण होती यात शंकाच नाही. पण तिच्यासाठी लागणारा माणूसही तिला मिळाला होता आणि तो बहुतेक कुत्र्यांना मिळत नाही.

जर्मन शेफर्ड आपल्याकडे जुना. ‘अल्सेशियन’ म्हणून आजोबांच्या पिढीलाही माहीत होता. पोलिसांचा कुत्रा म्हणून आपण त्याला ओळखतो, पण १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातल्या अधिकाऱ्याने जातीची बांधणी सुरू केली तेव्हा डोळ्यांसमोर मेंढ्या राखणारा कुत्राच होता. जर्मनीतल्या उघड्या शेतांमध्ये कुंपणं नसत. मेंढ्या रस्त्याकडेच्या गवतावर चरत आणि शेजारच्या पिकात त्यांनी तोंड घालू नये म्हणून हा कुत्रा बांधावरून दिवसभर येरझाऱ्या घालत असे. हद्द लक्षात ठेवणं आणि ती ओलांडू न देणं, हे त्याचं पिढीजात काम.

वाकडमधल्या एका रो-हाउसमध्ये शेरा नावाचा जर्मन शेफर्ड गच्चीच्या कठड्याला लागून सकाळपासून रात्रीपर्यंत फेऱ्या मारायचा. फरशीवर त्याच्या पावलांचा पट्टा उमटला होता. कुरिअरवाला, कामवाल्या मावशी, शेजारची मुलं, सगळ्यांवर भुंकायचा. घरच्यांनी साखळीने बांधलं, तसा आवाज आणखी वाढला. मला त्यात बांधावर फिरणारा कुत्रा दिसत होता. राखण करायची, पण कुठपर्यंत आणि किती वेळ हे कुणीच सांगितलेलं नाही, असा. त्या घरात आजोबा होते, निवृत्त, शिस्तीचे. मी त्यांना म्हटलं, ‘आजोबा, याला तुमच्याबरोबर फेरी मारू द्या.’ सकाळी आणि संध्याकाळी दोघं कंपाउंडच्या कडेने फिरू लागले. प्रत्येक फाटकापाशी शेरा थांबायचा, वास घ्यायचा, आजोबांकडे पाहायचा. आजोबा म्हणायचे, ‘ठीक आहे.’ शेवटच्या फाटकापाशी ‘झालं’ म्हणायचे आणि दोघं आत यायचे. कामाला सुरुवात मिळाली, शेवट मिळाला आणि शेवट ठरवणारा माणूस मिळाला. भुंकणं पूर्ण थांबलं नाही, राखणदार तो आहेच. पण ‘ठीक आहे’ ऐकलं की तो आता गप्प होतो.

बेल्जियन मॅलिनॉयबद्दल मात्र मी स्पष्ट नकार देते. कोरेन यांच्या यादीत तो पहिल्या दहांतही नाही, पण भारत-तिबेट सीमा पोलिस आणि केंद्रीय राखीव पोलिस दलात त्याने केलेली कामगिरी पाहून शहरातल्या तरुणांना त्याची ओढ लागली आहे. सुरक्षा दलात या कुत्र्यामागे त्याचा स्वतःचा हस्तक असतो, ठरलेला दिनक्रम असतो, धावायला मैदान असतं, खरं काम असतं. नवरा-बायको दोघंही दहा तास बाहेर असलेल्या घरात यातलं काहीच नसतं. तिथे हा कुत्रा दाराची चौकट, सोफा आणि शेवटी स्वतःची शेपटी कुरतडत बसतो. तो दोष त्याचा नाही.

मला हे काम शिकवलं ते पोलिस श्वान पथकातून निवृत्त झालेल्या एका हस्तकाने. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांचा पहिला धडा मी आजही प्रत्येक घरात सांगते. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला स्फोटक म्हणजे काय हे ठाऊक नसतं. हा वास सापडला की आपला चेंडू मिळतो आणि आपला माणूस खूश होतो, एवढंच त्याला माहीत असतं. त्या चेंडूच्या आणि त्या माणसाच्या ओढीने तो ढिगारे उपसतो. काका हे सांगताना झंजीरचं नाव घेत. मुंबई पोलिसांचा हा लॅब्राडोर १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर अक्षरशः शहराचा रक्षक झाला. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसं शोधल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने अखेरचा निरोप दिला.

झंजीरची जात आज पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत आहे आणि त्यातले बहुतेक लॅब्राडोर नाकाने काहीच काम न करता म्हातारे होतात. म्हणून मी घरच्यांना अगदी साधा खेळ देते. भाकरीचे छोटे तुकडे घ्या, कुत्र्याला दाराबाहेर थांबवा, दोन खोल्यांमध्ये ते लपवा आणि ‘शोध’ म्हणा. आधी सोपं, मग उशीखाली, मग जुन्या खोक्यात. तासभर चेंडूमागे धावून आलेला लॅब्राडोर धापा टाकत पुन्हा चेंडू मागतो. पंधरा मिनिटं मन लावून वास काढलेला लॅब्राडोर पाणी पितो आणि झोपतो. हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की घरच्यांना माझं म्हणणं पटतं.

लॅब्राडोर इतका शिकाऊ का, याचं एक उत्तर त्याच्या भुकेत आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ मध्ये या जातीत एका जनुकातला बदल आढळला. त्यामुळे खाण्याची ओढ वाढते आणि वजनही. त्यांनी तपासलेल्या लॅब्राडोरांपैकी जवळपास पाव हिश्शात तो होता, आणि अपंगांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित लॅब्राडोरांमध्ये त्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. खाऊसाठी जीव टाकणारा कुत्रा शिकवायला सोपा, आणि जाड व्हायलाही. म्हणून खेळातली भाकरी त्याच्या जेवणातूनच कापायची. आजींनी प्रेमाने दिलेली तूप-पोळी त्याच्या सांध्यांवर येते, हे सांगताना मला वाईट वाटतं, पण मी सांगते.

डॉबरमनची भूक आणखी वेगळी. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या अपोल्डा गावी लुई डॉबरमन या करवसुली करणाऱ्या गृहस्थाने आपल्या सोबतीला चालणारा रक्षक हवा म्हणून तो घडवला. त्याला जागा राखायला आवडते, पण त्याहून जास्त माणूस हवा असतो. मुळशीकडच्या एका फार्महाउसवर ठेवलेला डॉबरमन मी पाहिला आहे. चार एकर मोकळी जमीन, वेळेवर जेवण, आणि मालक फक्त शनिवार-रविवारी. त्याने स्वतःचा पुढचा पाय चाटून चाटून जखम केली होती. मलम लावून ती भरत नव्हती. तो पुण्याच्या घरात आला, रात्री मालकाच्या खोलीच्या दाराशी झोपू लागला आणि पाय भरत आला. चार एकरांपेक्षा ती दारापुढची जागा त्याला मोलाची होती.

हे सगळं ऐकून काही मालक दुसऱ्या टोकाला जातात. पहाटे दहा किलोमीटर पळवणं, संध्याकाळी पोहणं, मध्ये खेळ, रात्री पुन्हा चालणं. त्यातून अधिकाधिक दमदार आणि अधिकाधिक अस्वस्थ कुत्रा तयार होतो. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो, पिल्लू अठरा तासांपर्यंतही. बुद्धिमान कुत्र्याला ही झोप आपोआप लागत नाही, कारण घरात हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीची तो नोंद घेत असतो. म्हणून ‘जागेवर’ ही आज्ञा मी सर्वांत आधी शिकवते. एक चटई, घराच्या वर्दळीपासून जरा दूर. तिथे गेलं की कुणी हाक मारणार नाही, कुणी डिवचणार नाही, लहान मुलंही नाहीत. काम किती द्यायचं याच्याइतकंच काम कधी थांबवायचं हे मालकाला कळलं पाहिजे.

आणि घरात एकच भाषा हवी. बाबा ‘सिट’ म्हणतात, आजी ‘खाली बस गं बाई’ म्हणतात, मुलगी नुसतं बोट दाखवते, आणि सोफ्यावर चढलं तर सकाळी रागावणं आणि रात्री लाड. साधा कुत्रा अशा घरात गोंधळून स्वस्थ बसतो. जर्मन शेफर्ड किंवा कोली मात्र प्रत्येक माणसाचा वेगळा अभ्यास करतो आणि कुणापाशी काय चालतं हे पक्कं ठरवून टाकतो. म्हणून पहिल्या भेटीत मी सगळ्यांना एकत्र बसवते आणि शब्दांची एक छोटी यादी फ्रीजवर लावायला सांगते.

पिल्लू आणतानाची काळजी मी वेगळी सांगते. कुत्र्यांच्या विक्रीबद्दलच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, तरीही महिन्याभराची पिल्लं सर्रास घरी येतात. आईजवळ आणि भावंडांत राहून चावा आवरायला शिकण्याचे ते दिवस असतात. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टींना सहज स्वीकारतं. लसी पूर्ण व्हायच्या असतात म्हणून लोक त्याला घरात कोंडतात. मी सांगते, खाली ठेवू नका, पण कडेवर घेऊन बाहेर न्या. रिक्षा, शाळा सुटल्याचा गलबला, भाजी मंडई दाखवा. पावसाळ्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की खूप लांबून, हळूहळू जवळ नेत तो आवाज ऐकवा. मेंढ्या राखणाऱ्या जाती आवाजाला फार हळव्या असतात आणि पुण्यात गणपतीचे दहा दिवस तर त्यांना काढायचेच आहेत.

एक गोष्ट जिवावरची आहे. कोली कुळातल्या अनेक कुत्र्यांत, विशेषतः लांब केसांचा रफ कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि शेटलंड शीपडॉगमध्ये, एक जनुकीय दोष असतो. त्यामुळे आयव्हरमेक्टिनसारखी औषधं जास्त मात्रेत दिली तर ती मेंदूत शिरून विषासारखी काम करतात. बॉर्डर कोलीत हा दोष क्वचित आढळतो, पण आढळतो. आपल्याकडे गोचीड आणि खरूज यांवर हे औषध सहज टोचलं जातं. म्हणून अशा कुत्र्याच्या मालकाने इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना जात सांगावी आणि शक्य असेल तर जनुकाची चाचणी करून घ्यावी.

कुत्र्यांच्या बुद्धीबद्दल मला सर्वांत जास्त शिकवलं ते माळरानावरच्या धनगरांच्या कुत्र्यांनी. बारामती-फलटणकडच्या धनगरांचे वाडे दिवाळीच्या सुमारास कोकणाच्या दिशेने निघतात. शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात आणि रात्री त्या कळपाभोवती दोन-तीन कुत्रे असतात. कोलीसारखे ते मेंढ्या वळवत नाहीत. त्यांचं काम लांडग्यापासून कळप राखणं. त्यांना ‘बस’, ‘ये’, ‘पंजा दे’ कुणी शिकवलेलं नसतं. पण कोकरांमध्येच वाढलेले हे कुत्रे कळप हलला की हलतात, कळप बसला की कडेला बसतात, आणि अंधारात नेमक्या त्या बाजूला जाऊन उभे राहतात जिकडून वारा वास घेऊन येतो.

कोरेन यांच्या परीक्षकांसमोर या कुत्र्याला उभं केलं तर त्याला फारसे गुण मिळणार नाहीत. पण भिंतीकडे पाहत उभ्या असलेल्या झोईला जे मिळालं नव्हतं ते सगळं याच्याकडे आहे. त्याची बुद्धी आणि त्याचा दिवस एकमेकांना शोभतात. त्याच्या माणसाला त्याची गरज आहे आणि हे त्याला रोज कळतं. ही गोष्ट पाहिल्यापासून मी कुठल्याही कुत्र्याला ‘किती हुशार’ हा प्रश्न विचारत नाही. याच्या हुशारीला या घरात काय काम आहे, एवढंच पाहते.

हल्ली काही कुटुंबं कुत्रा आणण्याआधी मला बोलावतात, याचा मला फार आनंद होतो. कर्वेनगरमधलं एक कुटुंब बॉर्डर कोलीच्या पिल्लासाठी पैसे भरायच्या बेतात होतं. मी त्यांच्याकडून एका साध्या मंगळवारचं वेळापत्रक लिहून घेतलं. आई-बाबा सकाळी नऊला बाहेर, परत संध्याकाळी सातनंतर. मुलगी नववीत, म्हणजे पुढच्या वर्षी दहावी आणि मग कॉलेज. घरी दिवसभर आजी, गुडघे दुखणाऱ्या, पण गप्पांच्या भुकेल्या. मी विचारलं, पहाटे साडेपाचला रोज कोण उठेल? मेमध्ये रस्ता तापण्याआधी कोण फिरवून आणेल? मुलगी शिकायला बाहेर गेली की पुढची दहा वर्षं कोण? कागद पाहून बाबाच म्हणाले, ‘कोलीला पुरेल इतका वेळ आमच्याकडे नाही.’

पण आजींकडे वेळ होता, फक्त धावण्याची ताकद नव्हती. त्यांनी एका निवारा केंद्रातून तीन-चार वर्षांची गावठी कुत्री आणली. ती सकाळ-संध्याकाळ निवांत फिरते, दुपारी आजींच्या खुर्चीजवळ पसरते आणि पोस्टमन आला की एकदाच भुंकून आजींकडे बघते. मुलीने तिला आजींची काठी आणून द्यायला शिकवलं. त्याला पाचाहून बऱ्याच जास्त खेपा लागल्या आणि त्या घरात कुणालाही त्याची घाई नव्हती.

कोली घ्यावा की न घ्यावा, याचं सगळ्यांसाठी एकच उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे पहाटे आहेत, धीर आहे आणि रोज नवं काही शिकवायची हौस आहे, त्यांनी जरूर घ्यावा. असा कुत्रा त्यांना जे देईल ते फार थोड्यांच्या वाट्याला येतं. पण जातीचं नाव सर्वांत शेवटी ठरवावं. आधी आपल्या घरातले मोकळे तास मोजावेत, ते कोण देणार त्याचं नाव लिहावं, आणि मग त्या तासांत सुखाने राहील असा जीव शोधावा.